ताटातल्या मंजिरीचं रिटर्न

अगं शाल्मली, फोन ठेवू नकोस, आधी ऐक काय झालंय ते. माझा ओळख-रक्षण क्रमांक सकाळपासून आमच्या हॉलमध्ये सोफ्यावर बसलाय, आणि मी म्हणजे मीच आहे यावर त्याचा विश्वास नाहीये.

हो, क्रमांक. स्वतः आलाय. मी हळू बोलतेय कारण त्याला सगळं ऐकू जातं. बाथरूममध्ये आहे, नळ सोडलाय.

थांब, नीट सांगते. गेल्या रविवारी मी इन्कम टॅक्सचं रिटर्न भरायला बसले. नेहमीसारखंच, मुदत संपत आल्यावर. सगळं भरलं, सबमिट दाबलं, तर स्क्रीनवर आलं, 'आपलं रिटर्न यापूर्वीच भरलेलं आहे. वेळेत भरल्याबद्दल अभिनंदन.' आता तू मला कॉलेजपासून ओळखतेस. मी आयुष्यात काही वेळेत भरलंय का? परीक्षेचा फॉर्मसुद्धा लेट फी देऊन भरायचे. त्या अभिनंदनावरच मला पहिला संशय आला.

हेल्पलाइनला फोन लावला. तिकडची बाई म्हणाली, "मॅडम, तुमच्या नावाने दुसऱ्या कुणीतरी भरलंय."

म्हटलं, "मग काढून टाका ना ते."

"काढता येत नाही. ते बरोबर आहे."

"बरोबर म्हणजे?"

"एकही चूक नाही त्यात. तुमची आधीची सगळी बघितली मी आत्ता. एकही इतकं बरोबर नव्हतं."

मग तिनेच सांगितलं की तुम्ही ओळख-रक्षण क्रमांक मागवा. सहा आकडी असतो, दरवर्षी नवीन, आणि फक्त तुम्हालाच माहीत असतो. तो घातल्याशिवाय तुमच्या नावाचं रिटर्न कुणालाच भरता येत नाही. आणि तो घालून भरलं की आधी कुणी भरलेलं असेल ते आपोआप रद्द. मी लगेच मागवला. मला वाटलं मेसेज येईल. फार तर पोस्टाने पाकीट.

आज सकाळी इंटरकॉम वाजला. खालून आपला सुदाम वॉचमन. "ताई, एक नंबर आलाय. पाठवू का वर?"

"कुणाचा नंबर?"

"तुमचाच म्हणतोय. ॲपमध्ये एन्ट्री करायला नाव विचारलं, तर सांगत नाही. गोपनीय आहे म्हणतो."

"मग?"

"मग मी कुरिअर टाकलं."

कसा दिसतो काय विचारतेस? नंबर दिसतात तसाच दिसतो. सहा आकडी. जरा बुटका, रुंदीला जास्त. आकडे कुणाला दिसू नयेत म्हणून अंगभर चादर गुंडाळून आलाय, सोलापुरी, निळी. दारातून आडवाच आत आला. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पाणी पुढे केलं तर म्हणाला, "आम्ही करदात्याच्या घरचं काही घेत नाही." आणि सोफ्याच्या मधोमध बसला. तीन माणसांचा सोफा आहे, तो पूर्ण भरला.

मी म्हटलं, "बरं झालं आलात. सांगा, लिहून घेते."

तो म्हणाला, "काय लिहून घेता?"

"तुम्हाला. म्हणजे तुमचे आकडे."

"आधी आपण आपणच आहात हे सिद्ध करा. आमचं कामच ते आहे."

हे मला पटलं. मी आधार दाखवलं, पॅन दाखवलं, पासपोर्ट दाखवला. त्याने चादरीतून जरा वाकून बघितलं आणि म्हणाला, "हे तर कुणाकडेही असू शकतं." मग प्रश्न विचारले. शाळा कुठली? लहानपणी कुठला हात मोडला होता? पहिल्या नोकरीतल्या बॉसचं आडनाव काय? मी धडाधड उत्तरं दिली. माझीच माहिती आहे ना ती!

नंबरने मान हलवली. म्हणजे सगळे आकडे हलले. म्हणाला, "सगळी बरोबर. हे लक्षण चांगलं नाही."

"का?"

"खरी करदाती कशाला तयारी करून येईल? तयारी तिची असते जिला गरज असते. आमच्या अनुभवात चोराची उत्तरं मालकापेक्षा नेहमी चांगली असतात."

निषाद बाजूला पेपर वाचत बसला होता. तो म्हणाला, "पॉइंट आहे हं त्यांचा." लग्न झाल्यापासून हा माणूस कुठल्याही भांडणात समोरच्याला पॉइंट देतो. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

मग दुसऱ्या फेरीत मी थोडी अडखळले. आवडता रंग विचारला तर म्हटलं, बघावं लागेल. रक्तगट विचारला तर चुकीचा सांगितला. नंबर म्हणाला, "आता मुद्दाम चुकताय. याचीही नोंद घेत आहोत."

मी वैतागले. म्हटलं, "अहो, पण माझ्यावर एवढा संशय घ्यायचं कारण काय? इथे दुसरी कोण आहे जी मी असू शकेल?"

तेव्हा तो म्हणाला, "तोच मुद्दा आहे. या पत्त्यावर, या पतीच्या नावे, दोन विवाहित स्त्रियांची नोंद आहे. ऋजुता निषाद खांबेटे आणि मंजिरी निषाद खांबेटे. पैकी मंजिरीबाईंनी रिटर्न वेळेत भरलं आहे."

शाल्मली, मला एक सेकंद काही कळलंच नाही. मी निषादकडे बघितलं. निषादने पेपर वर केला. मी आईंकडे बघितलं. आई पदराने टीपॉय पुसायला लागल्या. टीपॉय स्वच्छ होता.

आणि मग मला आठवलं. तू होतीस ना लग्नात? संध्याकाळी, गृहप्रवेश झाल्यावर, चांदीच्या ताटात तांदूळ पसरले होते आणि निषादच्या हातात अंगठी देऊन त्याला नाव लिहायला सांगितलं होतं. नवरीचं नवीन नाव. मी आधीच सांगून ठेवलं होतं की मी माझंच नाव ठेवणार. आई म्हणाल्या होत्या, "अगं ठेव ना तुझं. हे नुसतं ताटापुरतं. हौस असते." मी म्हटलं लिहा काय लिहायचं ते, मला फक्त ही नऊवारी कधी एकदा सोडते असं झालंय. निषादने लिहिलं मंजिरी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आईंनी पेढे वाटले. संपलं. त्यानंतर त्या नावाने मला कुणी हाक मारली नाही. मी तर विसरूनही गेले होते.

हे सगळं मी नंबरला सांगितलं. तो म्हणाला, "पेढे वाटले?"

आई म्हणाल्या, "वाटले ना. कंदी पेढे. जमलेल्या सगळ्यांना दोन दोन."

"म्हणजे नोंद झाली. नंतर ते तांदूळ कुणी विस्कटले?"

"विस्कटले नाहीत हो. मला धीर झाला नाही. तसेच अलगद उचलले आणि दुसऱ्या दिवशी त्यांची खीर केली."

"खाल्ली कुणी?"

"आम्हीच. घरच्यांनी."

नंबर म्हणाला, "म्हणजे नाव रद्द झालं नाही. नाव घरातच मुरलं. ज्या नावाची नोंद झाली आणि जे रद्द झालं नाही, त्या नावाची व्यक्ती असते. नियमाने असावीच लागते."

यात चूक कुठे काढणार, तूच सांग? मी वकिलाला फोन लावणार होते, पण आज रविवार.

मी आईंना विचारलं, "आई, तुम्हाला हे माहीत होतं?"

आई म्हणाल्या, "काय माहीत असणार मला?"

"ती येते का इथे?"

"कोण ती? तूच येतेस."

"मी कधी?"

"दुपारची. जेवणं झाली की. लिंबू कलरची साडी नेसून बसतेस माझ्याजवळ, मटार सोलतेस, मला सिरियलची गोष्ट सांगतेस. मला वाटायचं ऑफिस लवकर सुटलं. दुपारची तू जरा शांत असायचीस, म्हणून मी काही विचारलं नाही. म्हटलं कशाला विचारून घालवा."

दुपारी मी ऑफिसला असते गं! ऐरोलीला! लिंबू कलरची साडी म्हणजे लग्नातली, ती मी एकदाही नेसले नाहीये. लग्नातल्या सगळ्या साड्या माळ्यावर बॅगेत आहेत.

"निषाद," मी म्हटलं, "तू बघितलंयस तिला?"

निषाद म्हणाला, "वर्क फ्रॉम होम असतं तेव्हा दिसते येताजाता."

"येताजाता?"

"मला वाटलं तुला माहितीये. म्हटलं तुमचं दोघींचं काहीतरी ठरलं असेल. मी कशाला मधे पडू."

माझा या दोघांवरचा विश्वास तिथेच उडाला. मी काही ओरडणार एवढ्यात स्वयंपाकघरातून ती पोह्यांचा ट्रे घेऊन आली.

बेल वाजली नाही. दार उघडलं नाही. आतून आली. आमच्या घरात दोन बेडरूम आहेत आणि अर्ध्या तासात मी दोन्हीत जाऊन आले होते. दिसायला माझ्यासारखी अजिबात नाहीये, सांगून ठेवते. चेहरा गोल, वेणी, कपाळावर छोटी टिकली. पण त्या लिंबू कलरच्या साडीवरचा माझा ब्लाउज तिला असा बसला होता जसा मला कधी बसला नाही.

"ताई, पोहे गार होतील," ती मला म्हणाली. मग नंबरला म्हणाली, "तुम्ही घेत नाही ना? नियम असतो. मी तुमच्यापुरते केलेच नाहीत."

नंबर खूश झाला. बघ, अशी ती आहे.

मी म्हटलं, "तू माझं रिटर्न भरलंस?"

"हो."

"का?"

"मुदत संपत आली की तू दरवर्षी घर डोक्यावर घेतेस. निषाद जेवत नाहीत, आईंचं बीपी वाढतं. म्हटलं आपण भरून टाकू. लॅपटॉप उघडाच असतो तुझा."

"माझ्या नावाने?"

"मग कुणाच्या? माझ्या नावाने मला पॅन देत नाहीत. ताटातलं नाव चालत नाही म्हणतात."

तेव्हा तिचा आवाज जरा खाली गेला. मी मनात म्हटलं, ऋजुता, सावध. हे असंच असतं. ओळख चोरणारी माणसं गोडच बोलतात, हेल्पलाइनच्या बाईने सांगितलं होतं.

नंबरने मग रीतसर सुनावणी घेतली. मला डावीकडे बसवलं, तिला उजवीकडे. आधी त्याने समजावून सांगितलं की नक्की कशाचा निकाल लागायचाय. "क्रमांक एकच आहे, त्यामुळे करदातीही एकच राहील. जिला क्रमांक मिळणार नाही तिची नोंद दुसरीच्या रिटर्नमध्ये अवलंबून व्यक्ती म्हणून होईल."

मी विचारलं, "अवलंबून म्हणजे काय नक्की?"

"सही करता येणार नाही. बेल वाजवल्यावर आतून 'कोण?' असं विचारलं, तर 'मी' असं म्हणता येणार नाही."

"मग काय म्हणायचं?"

"'यांच्याकडची' असं म्हणायचं."

लग्नात नाव बदलायला नको म्हणून मी सासरी पाऊल टाकायच्या आधी भांडले होते. आणि आता बाजूला बसलेल्या, माझाच ब्लाउज घातलेल्या बाईकडची म्हणून मी राहणार? बरं, तिचीही बोटं पदराला पीळ घालत होती. तिलाही तेच ऐकू आलं होतं.

प्रश्न सुरू झाले. शाळा? तिने माझी शाळा सांगितली, तुकडीसकट. मी तुकडी विसरले होते. हात कुठला मोडला? ती म्हणाली, "ताईचा उजवा. माझा कुठलाच नाही." नंबर म्हणाला, "प्रामाणिकपणा. संशयास्पद." नवऱ्याचं नाव घ्या म्हणाला. तिने लाजत चार ओळींचा उखाणा घेतला, यमक जुळवून, त्यात ठाण्याचे तलावसुद्धा आणले. मी म्हटलं, "निषाद."

"उखाण्यात?"

"निषाद खांबेटे."

आई हळूच म्हणाल्या, "किती छान घेतला नाही हिने." मी ऐकलं.

मग साक्षी. पहिला निषाद. नंबरने विचारलं, "आपल्या मते आपली पत्नी कोण?"

निषादने माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं. म्हणाला, "माझं काही म्हणणं नाही. दोघी जे ठरवतील ते."

"निषाद!" आम्ही दोघी एकदम म्हणालो. एकाच सुरात. नंबरने ताबडतोब चादर घट्ट ओढून घेतली.

मग आईंना बोलावलं. आई उभ्याच राहिल्या. नंबर म्हणाला, "ताटातलं नाव कुणी सुचवलं होतं?"

"मी."

"तेच का?"

आई म्हणाल्या, "निशूच्या पाठचं मला होणार होतं. मुलगी झाली तर मंजिरी ठेवायचं ठरलं होतं. झालं नाही काही. नाव तसंच राहिलं. मग म्हटलं, सुनेला ठेवू. सून म्हणाली नको. तरी म्हटलं, निदान एकदा लिहून तरी बघू कसं दिसतं."

हे मला माहीत नव्हतं गं. कुणी सांगितलंच नाही. त्या इतक्या सहज म्हणाल्या होत्या, ताटापुरतं, हौस असते. मी तेव्हा नऊवारीला वैतागले होते.

मंजिरी उठली आणि तिने आईंना खुर्ची दिली. मीच द्यायला पाहिजे होती. पण मी विचार करत होते की ही इतक्या पटकन उठली कशी. आधीच ठरवलं होतं का?

नंबर सरकारी आहे, तो हेलावला वगैरे नाही. म्हणाला, "आपण दोघींना हाका मारता. काय फरक जाणवतो?"

आईंनी विचार केला. "मंजिरीला हाक मारली की ती लगेच ओ देते. येऊन उभी राहते. ऋजुताला मारली की ती 'आले आले' म्हणते आणि येत नाही. पुन्हा मारली की आतून ओरडते, 'आई, कॉलवर आहे!' तिसऱ्यांदा मारली तर येते, पण तोंड असं करून." आणि माझं तोंड करून दाखवलं. अगदी माझंच, शाल्मली. निषाद हसला.

मला वाटलं संपलं. आता मी यांच्याकडची.

नंबरने खूप वेळ घेतला. आतल्या आत त्याचे आकडे सरकल्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, "हाक मारल्यावर लगेच येते ती व्यक्ती बोलावल्यामुळे आहे. हाक मारल्यावर जी चिडते, ती हाक मारण्याच्या आधीपासून तिथे होती. तिचं काहीतरी चाललेलं होतं. क्रमांक ऋजुताबाईंना देण्यात येत आहे. संशय कायम ठेवून."

मी उडीच मारली. मग मंजिरीकडे बघितलं आणि खाली बसले. ती रिकाम्या बशा गोळा करत होती. आई तिच्याकडे बघत होत्या आणि ती आईंकडे बघायचं टाळत होती.

क्रमांक कानात सांगायचा असतो. नंबर म्हणाला, कुणाला ऐकू जाता कामा नये, आवाजाची सोय करा. मी आईंना मिक्सर लावायला सांगितला. त्यांनी नारळाची चटणी लावली. घरात सकाळचे पोहे होते, चटणीचं कुणालाच काम नव्हतं, पण त्या वाटत राहिल्या. मी आणि नंबर ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या बाजूला उभे. त्याने चादर जराशी बाजूला केली आणि एकेक आकडा सांगितला. म्हणाला, "पतीला नाही. आईला नाही. मैत्रिणीला तर नाहीच." हो, मैत्रिणीला म्हणाला. मला वाटतं तू माहितीयेस त्याला.

मग मी बेडरूममध्ये लॅपटॉप उघडला. क्रमांक घातला. स्क्रीनवर आलं, 'पुढे गेल्यास मंजिरी निषाद खांबेटे यांची नोंद अवलंबून म्हणून होईल. पुढे जायचं?' मी कर्सर नेला, आणि दारात मंजिरी. हातात चहा.

"ताई, येऊ?"

बघ, विचारून आली. मला तेही खटकलं.

चहा ठेवला आणि उभीच राहिली. मी स्क्रीन वळवली. ती म्हणाली, "मला नको बघायला. एकच विचारायचं होतं. मी अवलंबून झाले, तर दुपारी आईंजवळ बसायला तुझी परवानगी लागेल ना?"

"लागेल बहुतेक."

"रोज घ्यावी लागेल की एकदाच?"

"मला काय माहीत गं!"

"नाही, कारण दुपारी तू मीटिंगमध्ये असतेस. फोन उचलत नाहीस. आई हाक मारतील आणि मला ओ देता येणार नाही. त्या म्हणतील, आज ही का बोलत नाही."

मग तीच म्हणाली, "तू क्रमांक सांगितलास तर दोघींचं भरता येईल. नाही सांगितलास तरी मी समजू शकते. मीही सांगितला नसता."

शाल्मली, हे अगदी तसंच होतं जसं सूचनांमध्ये लिहिलेलं असतं. क्रमांक मागणारी व्यक्ती ओळखीची वाटेल. तुमच्या भल्याचं बोलेल. घाई करणार नाही. आणि चहा आलं घालून केलेला होता, मला आवडतो तसा. दाराबाहेर मिक्सर अजून चालू होता. चटणीचं एव्हाना पीठ झालं असणार. आई तो बंद करत नव्हत्या, कारण बंद केला तर आम्ही काय बोलतोय ते त्यांना ऐकावं लागलं असतं.

मी सहापैकी तीन आकडे तिला सांगितले.

शेवटचे तीन. सुरुवातीचे माझ्याकडे ठेवले. का सांगितले ते विचारू नकोस. सहाही द्यायची हिंमत नव्हती, आणि एकही न देता त्या मिक्सरसमोरून हॉलमध्ये जायचीही नव्हती.

मी घातलेले आकडे पुसले, मग तिने तिच्या वाटचे घातले, मी माझ्या वाटचे. रिटर्न स्वीकारलं गेलं. दोन पावत्या आल्या, अर्धी अर्धी. हॉलमध्ये गेले तर सोफ्यावर एक नाही, दोन नंबर बसले होते. तीन तीन आकड्यांचे. चादर फाडून दोघांनी वाटून घेतलीय. एक या टोकाला, एक त्या टोकाला, मधे उशी. दोघं एकमेकांना शाळेचं नाव विचारतायत आणि दोघांनाही एकमेकांची उत्तरं पटत नाहीयेत. मी म्हटलं, झालं ना रिटर्न, आता जा. तर दोघं म्हणाले, आधी हा कोण आहे ते कळल्याशिवाय जाता येत नाही.

निषादने त्यांना वायफायचा पासवर्ड दिलाय.

म्हणजे आता असं ठरलंय की आम्ही दोघी अर्ध्या अर्ध्या करदात्या. बेल वाजवली की दोघींनाही 'मी' म्हणता येतं, पण पूर्ण नाही, जरा अर्धवट म्हणायचं. आईंनी सुदामला फोन करून सांगितलं, घरात एक माणूस वाढलं, ॲपमध्ये टाक. तो म्हणाला, "टाकलंय की. त्या दुपारच्या ताई ना? दीड वर्ष झालं."

दीड वर्ष! सुदामलाही माहीत होतं! सगळ्या सोसायटीला माहीत असेल.

आणि आता जे सांगते ते नीट ऐक. जेवायला बसलो तेव्हापासून मी वाट बघतेय की ती माझे तीन आकडे कधी मागते. ती मागतच नाहीये. आमटी वाढते, पापड देते, पण विषयच काढत नाही. माझे आकडे तिला नकोत असं कसं होईल? मी तर तिचे तीन अजून विसरले नाहीये. म्हणजे तसं बघितलं तर सहाही माझ्याकडे आहेत. बटण दाबून तिला आत्ताही अवलंबून करता येईल, पावत्या आल्या तरी ती 'पुढे जायचं?'ची स्क्रीन अजून तशीच उघडी आहे. ती लॅपटॉपजवळून दोनदा गेली आणि तिने झाकण लावलं नाही. का लावलं नाही? तिला माहितीये मी दाबणार नाही, की मी दाबावं म्हणून ती बघतेय?

थांब. दारावर टकटक झाली.

... तीच. विचारत होती, ताई, बरी आहेस ना, नळ बराच वेळ चालू आहे. मी 'मी' म्हटलं. तीही 'मी' म्हणाली. आणि आता दाराच्या फटीखालून तिची सावली दिसतेय, गेलेली नाही. आई बाहेरून हाक मारतायत, "अगं, येतेस का जरा?" कुणाला मारतायत कळत नाहीये. नाव घेतलं नाही त्यांनी. मी ओ दिली नाहीये. तिनेही दिली नाहीये. दोघी थांबलोय.

खरं सांग हं शाल्मली, तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस? तीनच दिले असतेस, सहाही दिले असतेस, की एकही नाही?